हंगाम संपल्यावर

दर वर्षी जून महिन्यात शाळा उघडते, तेव्हा आमच्या क्रीडांगणावर एक लहानसे राज्यांतर झालेले असते. दहावीचे विद्यार्थी निरोप घेऊन गेलेले असतात. बास्केटबॉलच्या संघातील तीन-चार जागा रिकाम्या पडलेल्या असतात. क्वचित प्रसंगी व्यायामशिक्षकही बदललेले असतात. आणि गेल्या वर्षी कडेला उभा राहून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा एखादा मुलगा आज कप्तान म्हणून पुढे येतो. हा फेरबदल लहान खरा. परंतु त्यामुळे मुलांची मने किती हेलावतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांस तो लहान वाटणार नाही.

हीच गोष्ट व्यावसायिक संघांत घडते, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरून जातात. कोणास ठेवले, कोणास सोडले, कोणाची कोणाशी अदलाबदल झाली, नवे प्रशिक्षक कोण, ह्याची चर्चा आमचे विद्यार्थी मधल्या सुटीत डबा बाजूस ठेवून करीत असतात. ह्या चर्चेस आम्ही नावे ठेवीत नाही. खेळावर प्रेम करणे हे तारुण्याचे लक्षण आहे. मात्र त्या चर्चेतून मुले माणसांस कसे वागवावे हेही शिकत असतात, आणि ते शिक्षण चांगले की वाईट, हे पाहणे आम्हां शिक्षकांचे व पालकांचे कर्तव्य आहे. म्हणून ह्या अंकाच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमच्या शाळेत बास्केटबॉलचे प्रेम फार; आणि मिशनच्या शाळेत ते असावे, हे योग्यच आहे. हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ ह्यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणसंस्थेत, १८९१ च्या डिसेंबरात काढला. नेस्मिथ हे ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केलेले गृहस्थ होते. फुटबॉलचा हंगाम संपला होता, बेसबॉलचा यावयाचा होता, बाहेर थंडी कडाक्याची. आणि वर्गातील अठरा तरुण त्याच त्या कवायतीला कंटाळून गेले होते. नेस्मिथ ह्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडून खेळ सुरू केला. म्हणजे ज्या खेळावर आपण इतके लुब्ध झालो आहो, तो दोन हंगामांमधल्या रिकाम्या काळातच जन्मास आला! हंगाम संपला म्हणजे सारे संपले, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी धरावी.

आपल्या देशात व्यावसायिक बास्केटबॉलचे रोपटे अद्याप कोवळे आहे. २०१५ साली एक स्पर्धा सुरू झाली. तीत मुंबई व पुणे ह्या नावांचे संघ उतरले. पण थोड्याच वर्षांत ती थांबली. त्यानंतर निराळे प्रयत्न झाले व होत आहेत. ह्याच सुमारास, २०१५ मध्ये, पंजाबातील सतनाम सिंग ह्या उंचपुऱ्या तरुणाची अमेरिकेतील एन. बी. ए. च्या वार्षिक निवडीत बावन्नाव्या क्रमांकावर निवड झाली. असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय होय. त्या वार्षिक निवडीची एक रीत आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते: सरत्या हंगामात जो संघ मागे पडला असेल, त्याला नव्या खेळाडूंतून आधी निवड करण्याची अधिक संधी मिळते. निव्वळ व्यापाराच्या जगातही दुर्बळास हात देण्याची ही सोय ठेवावी लागली. कारण एकच संघ सदा जिंकू लागला, तर खेळच उरत नाही.

परंतु आमच्या नवी मुंबईच्या मुलांस व्यावसायिक फेरबदलांचा धडा मिळाला, तो बास्केटबॉलवरून नव्हे, तर क्रिकेटवरून. मुंबई इंडियन्स ह्या संघाचा अलीकडचा इतिहास त्यांस मुखोद्गत आहे. २०१३ च्या हंगामाच्या मध्यावर रिकी पाँटिंग ह्यांच्या जागी रोहित शर्मा कर्णधार झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशी पाच अजिंक्यपदे मिळविली. ह्याच संघाने २०१५ मध्ये अवघ्या दहा लाख रुपयांत घेतलेला बडोद्याचा तरुण हार्दिक पंड्या पुढे २०२२ साली गुजरातच्या नव्या संघाचा कर्णधार झाला व पहिल्याच वर्षी अजिंक्य ठरला. २०२३ च्या नोव्हेंबरात तो संघमालकांच्या आपसांतील व्यवहाराने मुंबईस परत आला. आणि १५ डिसेंबर २०२३ रोजी रोहित शर्मांच्या जागी त्याची कर्णधार म्हणून घोषणा झाली.

पुढे जे घडले, ते आपण सर्वांनी पाहिले. २०२४ च्या हंगामात अहमदाबादेस, आणि त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे खुद्द वानखेडे मैदानावर, आपल्याच संघाच्या कर्णधाराची आपल्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. नाणेफेकीला तो उभा राहिला, की हुर्यो. चेंडू अडवावयास गेला, की हुर्यो. ११ एप्रिल रोजी प्रतिपक्षाकडून खेळणाऱ्या विराट कोहलीने अखेर प्रेक्षकांस हाताने खुणावून हे थांबवावयास सांगितले. चौदा सामन्यांपैकी चारच जिंकून मुंबईचा संघ त्या वर्षी दहाही संघांत शेवटचा आला.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान बदलण्यात आला. जुना कप्तान दहावीत गेला होता. त्याने अभ्यासाकडे अधिक लक्ष द्यावे, ह्या हेतूने नववीतील एका मुलाची नेमणूक झाली. हेतू चांगला होता. पण तो त्या मुलास कोणीच सांगितला नाही. सूचनाफलकापाशी इतर मुलांच्या खांद्यांवरून वाचताना त्याला कळले, की आपण आता कप्तान नाही. शाळा उघडून दहा-बारा दिवस झाले होते. पावसाने थोडी उघडीप दिली होती. ओले मैदान पुसून घेऊन मुलांनी आपसांत एक सामना लावला. नवा कप्तान मोकळा फेक घेण्यासाठी रेषेवर उभा राहिला, आणि दहावीच्या मुलांच्या घोळक्यातून हुबेहूब वानखेडेसारखी हुर्यो उठली. पहिला फेक हुकला. हुर्यो वाढली. दुसराही हुकला. आमच्यापैकी दोघे-तिघे शिक्षक व्हरांड्यात उभे होते, आणि कबूल करावयास लाज वाटते, की आमच्याही ओठांवर क्षणभर हसू उमटले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आला. त्याच्या हातात धुऊन, घडी घालून आणलेला संघाचा सदरा होता.

हे गुरुवारचे झाले. शनिवारी, २९ जून २०२४ रोजी, बार्बाडोस येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेस शेवटच्या षटकात सोळा धावा हव्या होत्या, आणि चेंडू हार्दिक पंड्याच्या हाती होता. भारत सात धावांनी जिंकला. सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या घंटेपूर्वी तीच मुले त्याच मैदानावर त्याच माणसाचा जयजयकार करीत होती. आणि ४ जुलैला वानखेडेवर जमलेल्या अफाट समुदायानेही तेच केले. अडीच महिन्यांपूर्वी जो दोषी होता, तो आता वीर ठरला! त्याच्यात काही पालट झाला होता काय? मुळीच नाही. पालट झाला तो आपल्या लाभात. ज्या प्रेमाचा काटा आपल्या लाभाबरोबर हलतो, त्याला प्रेम म्हणावे काय, हा प्रश्न आम्ही त्या सोमवारी वर्गात विचारला. उत्तर कोणी दिले नाही. पण कित्येकांनी माना खाली घातल्या. त्यांत आमचीही होती.

ह्या प्रसंगाचा विचार करता आम्हांस वाटते, की बदल ही काही पाप नव्हे. संघ म्हणजे देव्हारा नाही, की त्यातील मूर्ती कधी हलवू नयेत. माणसाचे वय वाढते, शरीर थकते, नव्यास संधी द्यावी लागते. व्यावसायिक खेळाडू एका संघातून दुसऱ्यात गेला, तर तो द्रोह करतो असेही नव्हे. एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये जाणाऱ्या कारागिरास आपण द्रोही म्हणत नाही. दोष असतो तो बदलाच्या रीतीत. २०१३ साली पाँटिंग ह्यांनी आपल्या हातून धावा होत नाहीत हे ओळखून स्वतः बाजूस होऊन तरुणास वाट दिली, आणि पुढे त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून ते परत आले; म्हणून तो बदल कोणास सलला नाही. ज्याची जागा जावयाची, त्याला आधी, एकांतात, समोर बसवून सांगावे. त्याने केलेल्या सेवेचे आभार चारचौघांत मानावे. आणि नव्या माणसाला जुन्याच्या पायाशी पाडलेल्या खड्ड्यात उभे करू नये. एवढे केले, तर बहुतेक बदल माणसे सोसतात.

आमच्याकडे ते उशिरा झाले. व्यायामशिक्षकांनी दोन्ही मुलांस बोलाविले व दोघांसमोर आपली चूक कबूल केली. जुन्या कप्तानाने थोडा वेळ जमिनीकडे पाहिले आणि म्हटले, “सर, मला आधी सांगितलं असतं ना, तर मीच त्याला कप्तानाचा बिल्ला लावला असता.” ह्या एका वाक्यापुढे आमचे पुस्तकी पांडित्य फिके पडले. तो पुढे वर्षभर त्या धाकट्या कप्तानाच्या हाताखाली खेळला. त्या वर्षी आमचा संघ आंतरशालेय स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरला, हे येथे लपविण्याचे कारण नाही. कारण आम्ही जे मिळविले, त्याची नोंद ढालीवर होत नसते.

आता प्रशिक्षकांविषयी. संघ हरला, की पहिला बळी बहुधा प्रशिक्षकाचा पडतो. मुंबईच्या संघातही २०२४ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेचे मार्क बाउचर ह्यांच्या जागी श्रीलंकेचे महेला जयवर्धने पुन्हा नेमले गेले. पूर्वीच्या तीन अजिंक्यपदांच्या वेळी, म्हणजे २०१७, २०१९ व २०२० मध्ये, तेच प्रशिक्षक होते. ह्या नेमणुकीनंतर संघाने पाच खेळाडू राखले, ते पंचाहत्तर कोटी रुपयांत: जसप्रीत बुमराह अठरा कोटी, सूर्यकुमार यादव व हार्दिक पंड्या प्रत्येकी सोळा कोटी पस्तीस लाख, रोहित शर्मा सोळा कोटी तीस लाख, आणि तिलक वर्मा आठ कोटी. ज्याची हुर्यो झाली तो आणि ज्याच्यासाठी झाली तो, दोघेही त्याच संघात राहिले; पुढील वर्षी संघ शेवटच्या चारांत पोहोचला. भांडत होते ते फक्त प्रेक्षक!

पण प्रशिक्षकाचे मोल केवळ जय-पराजयावर ठरवावे काय? बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ पुढे कॅन्सस येथील विद्यापीठात गेले व तेथे प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाने पंचावन्न सामने जिंकले आणि साठ गमावले. ज्याने खेळ निर्माण केला, त्याचीच हार अधिक! परंतु त्यांच्या हाताखाली खेळलेला फॉग अॅलन हा विद्यार्थी १९०७ साली त्यांच्या जागी आला आणि अमेरिकेतील थोर प्रशिक्षकांत गणला गेला. शिक्षकाचे यश पुष्कळदा त्याच्या नावावर न पडता त्याच्या शिष्याच्या नावावर पडते. आमच्या धंद्यातील माणसांस ह्याहून मोठे समाधान दुसरे नाही.

ह्याचे जवळचे उदाहरण आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावरच घडले. १९८८ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्यांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध नाबाद ६६४ धावांची भागी केली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या वेळी पायांस पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या मुलाचे नाव मात्र थोड्यांस ठाऊक होते. तो अमोल मुझुमदार. रणजी सामन्यांतील पदार्पणातच त्याने २६० धावा काढल्या. कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा जमविल्या. मुंबईस २००६-०७ चा रणजी करंडक कर्णधार म्हणून मिळवून दिला. पुढे आसाम व आंध्र ह्या संघांकडूनही तो निष्ठेने खेळला. पण भारताकडून एकही कसोटी त्याच्या वाट्यास आली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळ येथे त्यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. दिवस कलता कामास बोलाविलेल्या मजुरांचा दृष्टांत आपण उपासनेत ऐकतो. मालकाने त्यांस पूर्ण मजुरी का दिली, हे कळण्यास कठीण जाते; त्या रात्री नेरूळास आम्हांस ते थोडे अधिक समजले.

त्याच स्पर्धेत संघातील फेरबदलांचे दोन प्रसंग घडले. लागोपाठ तीन सामने हरत असताना, त्यांपैकी इंदूरच्या सामन्यातून जेमिमा रॉड्रिग्ज हिला वगळण्यात आले. ती रुसून बसली नाही. परत घेतल्यावर तिने न्यूझीलंडविरुद्ध ७६ धावा केल्या, आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना ती १२७ धावांवर नाबाद राहिली. सामन्यानंतर तिने सर्वांदेखत ईश्वराचे आभार मानले, आणि ह्या दिवसांत आपण जवळजवळ रोज रडत होतो, हेही मोकळेपणाने सांगितले. दुसरा प्रसंग शफाली वर्माचा. मूळ संघात तिचे नावच नव्हते. प्रतिका रावल जायबंदी झाल्याने तिला ऐनवेळी बोलाविले. आणि अंतिम सामन्यात तिने ८७ धावा काढून दोन बळीही घेतले. विद्यार्थिमित्रहो, वगळले जाणे म्हणजे टाकाऊ ठरणे नव्हे, आणि राखीव असणे म्हणजे बेकार असणे नव्हे. मात्र बोलावणे येईल त्या दिवशी अंगात तयारी पाहिजे. ती रुसव्यात घालविलेल्या दिवसांतून येत नाही.

शेवटी पालकांस एक विनंती. लिलावाच्या आकड्यांनी आपल्या बोलण्यात एक वाईट सवय शिरली आहे. अमका सत्तावीस कोटींचा, तमका तीस लाखांचा, अशी माणसांची ओळख आपण मुलांसमोर करून देऊ लागलो आहो. २०२५ च्या नोव्हेंबरात पालघरचा शार्दूल ठाकूर दोन कोटींत लखनौहून मुंबईस आला. लहानपणी खेळाच्या साहित्याचे ओझे घेऊन लोकलच्या गर्दीतून तो मुंबईस येत असे. त्या प्रवासाचा भाव कोणत्या लिलावात लागतो? किंमत बाजार ठरवितो आणि दर वर्षी बदलतो. मोल देव ठरवितो आणि ते बदलत नाही. आपला मुलगा संघात घेतला गेला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन त्याच्यासमोर शिक्षकांशी वाद घालणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्यांचे प्रेम आम्ही जाणतो. पण त्या क्षणी मूल एवढेच शिकते, की न निवडले जाणे ही इतकी भयंकर आपत्ती आहे, की तिच्यासाठी वडिलांस कामावरून रजा घेऊन यावे लागते. त्याऐवजी त्या संध्याकाळी त्याला म्हणावे, “चल, उद्याही सरावाला जा, मी तुला न्यायला येतो.”

आणि आम्ही शिक्षकांनी, आमच्या मते, तीन नियम स्वतःवर घालून घ्यावेत. कोणाचेही नाव वगळण्यापूर्वी त्याला प्रत्यक्ष सांगावे, फलकावरून नव्हे. वगळलेल्या मुलास सरावातून वगळू नये. आणि जुन्या कप्तानाने नव्याच्या छातीवर बिल्ला लावण्याचा लहानसा विधी दर वर्षी जूनमध्ये सर्व शाळेसमोर करावा. ह्यांपैकी तिसरा नियम एका विद्यार्थ्याने आम्हांस शिकविला आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कित्येक जण येत्या जूनमध्ये ह्या शाळेत नसतील. तुमच्या जागी दुसरे खेळतील; ते तुमच्याहून चांगले खेळोत, अशी प्रार्थना करण्याइतके मन मोठे ठेवा. नव्या कॉलेजात, नव्या कचेरीत, तुम्हीही कोणाच्या तरी जागेवर उभे राहाल. तेव्हा तुमच्या पहिल्या चुकीला हुर्यो न मिळता धीर मिळो. आणि तसा धीर दुसऱ्यास देण्याची पाळी तुमच्यावर आली, म्हणजे आपल्या ओल्या मैदानावरची ती पांढरी रेषा आणि तिच्यावर एकटा उभा असलेला तो मुलगा तुम्हांस आठवो.